तिनं सोडलेला ढोलकीवाला

तुलुंगागुंग,
१४ ऑगस्ट

प्रिय यातीताई,

हाँगकाँगची मालकीण रविवारी सुट्टी देते ना? इकडे आई ठणठणीत आहे. कोंबड्यांवर आणि माझ्यावर सारखीच ओरडते.

माझं नवं गाणं तू ऐकलंसच: 'सांबाल चाखून डोळे मिटलेस, आठवला कुणाचा हात?' भाजीवालीपासून शाळकरी पोरींपर्यंत सगळ्या गुणगुणतात. माझ्या हातची मिरचीची चटणी चाखताना त्याला जिचा हात आठवतो, ती 'ती' कोण, असं तू विचारलंस. अगं, कुणी नाही. गाण्यात कुणीतरी लागतंच.

बरं बाई, आहे. युयुन. माझ्याआधी आमच्या ऑर्केस्ट्रात गायची आणि आमच्या ढोलकीवाल्या बाग्योबरोबर फिरायची. बाग्यो लग्नाचं विचारतोय आणि मी 'बघू' म्हणत बसलेय, ते तिच्यामुळेच.

काल एका लग्नात गात होते. पाहुण्यांनी स्टेजवर येऊन गायिकेबरोबर गायचं, हे आपल्याकडे ठरलेलंच. नेमकी युयुनच वर आली! हसत हसत माझ्या कानाशी म्हणाली, "गाणं झकास आहे हो. पण 'ती' कोण, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. माझा नवरा ताट सरकवून विचारतो, 'त्यालाही असंच करून घालायचीस?' जळतेस तू आणि धूर माझ्या घरात!"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. समोरच तिचा नवरा सुतिक्नो तोंड पाडून बसलेला. ढोलकी चालूच होती. गाण्यात पाहुण्यांची नावं गुंफायची सवय कामी आली. माईकवर त्याचं नाव घेतलं आणि जागच्या जागी कडवं रचलं:

'सुतिक्नोदादा, भाग्य तुमचं, तिनं निवडलं तुम्हाला,
तिनं सोडला ढोलकीवाला, तो मिळाला आम्हाला!'

मांडव हसून लोटपोट झाला. सुतिक्नो लाजला, मग वर येऊन बायकोबरोबर मनसोक्त नाचला. बाग्योचा ताल मात्र चुकला.

नंतर तो गाल फुगवून म्हणाला, "मी सोडलेला काय?"

"मग खोटं आहे? तिनं सोडलं म्हणून तर मला मिळालास!"

बोलून गेले आणि माझं मलाच ऐकू आलं. जिच्यावर इतकी जळत होते, तिचे खरं तर पाय धरायला हवेत. मी तिथेच त्याला हो म्हणून टाकलं. भर मांडवात रडला गं तो, वेडा!

आईला अजून बोलले नाही. पहिल्यांदा तुलाच सांगतेय. लग्नाला ये.

त्याच्याही आधीपासून तुझी,
किनांती