दंडातला तुकडा

माय, तुझा हात थरथरायला लागला तेव्हा मी पुण्याच्या प्रयोगशाळेत माणसाच्या पेशी वाढवायला शिकत होते. कातडीची पेशी उलटी फिरवून अगदी सुरुवातीच्या अवस्थेत न्यायची, मग तिच्यातून मेंदूची, हृदयाची, कुठलीही पेशी घडवता येते. बहुतेक वेळा ती मरतेच. सुट्टीत इतवाऱ्यातल्या आपल्या घरी आले, तेव्हा स्वयंपाकघरात मी हे सांगत होते आणि लाटणं बाजूला ठेवून तू उजवा हात डाव्यानं दाबून बसली होतीस. "मग माझी चमडी घे ना बेटा." त्यानं तू बरी होणार नाहीस, मी म्हटलं. "मी कुठं म्हणते? ही बीमारी आत काय करते, ते तर कळंल!"

डॉक्टरांनी तुझ्या दंडातून मसुराएवढा तुकडा काढला. मग तुझा रोजचा फोन. "जिवंत आहेत का गं?" कधी बुरशी लागायची, कधी पेशी मध्येच भलत्या वळणाला जायच्या. एकदा मी रडले, तर तू रागावलीस. "दही नाही लागलं तर बाई रडत बसते का? फिरून विरजण लाव."

तापीच्या घाटावर तुला अखेरचा निरोप देऊन मी कामावर परतले, तेव्हा बशीत तुझ्या पेशींचा पहिला पुंजका लागला होता. गोल, चकचकीत कडेचा. पेशी उबेत ठेवायच्या पेटीचं दार उघडते, तर अंगाइतकी ऊब तोंडावर येते आणि मी मागे सरते. फोन करायला हात पर्समध्ये गेलेला असतो.

त्या पेशी भराभर वाढल्या. मी खूश होते. तपासणीत कळलं, तो वेगच बिघाडाचा होता. वाढता वाढता त्यांची गुणसूत्रं बदलली होती. गोठवून ठेवलेल्याही तशाच निघाल्या. तुझा आजार त्यांच्यात वाचता येणार नव्हता. "नष्ट करा," प्रयोगशाळेतले सर हळूच म्हणाले, "की हे काम दुसऱ्या कुणाला सांगू?" मी नको म्हटलं.

आता वर्षं झाली. दुसऱ्यांच्या आयांच्या पेशी माझ्या हातून जगतात, त्यांचा आजार थोडाथोडा कळतोही. तरी पेटीचं दार उघडताना तुझा प्रश्न कानामागे येतो, आणि मी वळून पाहत नाही.

हे कुणाला बोलले नाही, माय. त्या सकाळी बशीत तुझ्या पेशी मारायचं औषध ओतण्याआधी मी जुनं पाणी काढलं, ताजं, कोमट अन्न घातलं, आणि त्यांचं पोट भरेपर्यंत शेजारी बसून राहिले.