माझी रिकामी खिडकी

७ जानेवारी

पुन्हा तेच! औषधांच्या दुकानात खिडक्या दोन, एक माझी, एक धाकट्या जावेची. माझ्यापुढे चिटपाखरू नाही आणि तिच्यापुढे ही रांग. एक उंच माणूस, डाव्या भुवईत कापल्याची खूण, आईच्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन दहा मिनिटं तिच्याच रांगेत. मी म्हटलं, "इकडे या ना." तर म्हणे, "असू दे, इथेच बरा आहे." बरा आहे! सहा वर्षं मी या दुकानात. तिला इथे मीच चिकटवली, आपल्याच हाताने पायावर धोंडा मारून घेतला.

१९ जानेवारी

आज दुकानात चोरी झाली. दुपारी एक माणूस आत घुसला, मालकांच्या डोक्यात सळई घातली, झोपेच्या औषधांचं खोकं उचलून पळाला. मालक हॉस्पिटलात, बेशुद्ध. मी खालच्या कप्प्यात खोकल्याच्या बाटल्या लावत होते. आवाज झाला तशी तिथेच दबून बसले. तपकिरी बूट दिसले. चेहरा नाही. धाकटी म्हणते, तोंडावर मफलर होता, टोपी पार डोळ्यांपर्यंत.

२० जानेवारी

पोलिसांनी तिला तासभर विचारलं. मला दहा मिनिटं. जेवताना हे म्हणाले, "धाकटीची नजर भारी हं." सासूबाईंनी तिला आग्रह करून वाढलं. मी काय आंधळी आहे?

२६ जानेवारी

मालक शुद्धीवर आले, पण त्या दिवसाचं त्यांना काहीच आठवत नाही. म्हणजे उरलो आम्ही दोघी. तरी जो येतो तो तिलाच विचारतो. शेजारीण तर मला म्हणाली, "तुम्ही मागच्या खोलीत होता ना?" अंगाची नुसती लाहीलाही झाली. मागे नव्हते, तिथेच होते मी!

२ फेब्रुवारी

भांडी पुसताना एकदम आठवलं. मी मान वर केली होती. पळताना त्याची टोपी सरकली होती. डाव्या भुवईत खूण! चेहरा असा लख्ख समोर आला की ताटली सुटता सुटता राहिली. हे म्हणाले, "मग आधी का नाही बोललीस?" "आधी मला विचारलं कुणी?"

तडक चौकीत जाऊन सांगून आले. इन्स्पेक्टरांनी स्वतः खुर्ची पुढे ओढली. तिच्यासाठी नव्हती ओढली.

१७ फेब्रुवारी

भुवईच्या खुणेवरून पोलिसांनी एकाला धरलंय. आज ओळखपरेड. आठ माणसं ओळीने उभी. मी एका क्षणात बोट दाखवलं – चार नंबर. भुवईसकट तोच!

धाकटीने म्हणे पंधरा मिनिटं लावली आणि शेवटी सांगितलं, "यातला कुणीच नाही." घरी आल्यावर मला म्हणाली, "वहिनी, तो चार नंबरचा दुकानात येऊन गेलाय बहुतेक. चोर नाही तो." मी म्हटलं, "तुला काय, जो तो गिऱ्हाईकच वाटतो."  पहिल्यांदाच तिची बोलती बंद झाली. मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, खोटं कशाला सांगू?

११ ऑगस्ट

कोर्टात साक्ष. त्याच्या वकिलाने विचारलं, "माझा अशील आईची औषधं न्यायला दुकानात यायचा. तुम्ही त्याला तिथेच पाहिलं असेल, नाही का?"

मी म्हटलं, "माझ्या खिडकीवर तो कधीच आला नाही. चोरीच्या आधी मी त्याला पाहिलेलंच नाही."

शपथेवर सांगितलं. आवाज जरासुद्धा कापला नाही. धाकटीला मात्र त्यांनी उभं-आडवं घेतलं, रडकुंडीला आली.

२९ ऑगस्ट

सात वर्षं सक्तमजुरी. हे चारचौघांत म्हणाले, "माझ्या बायकोमुळे सापडला." आज मी पोटभर जेवले.

३ सप्टेंबर

धाकटीपुढे रांग होती. एक म्हातारी काठी टेकत सरळ माझ्याच खिडकीवर आली. बरं वाटलं. म्हणाली, "आधी मुलगा न्यायचा गोळ्या. आता मलाच यावं लागतं." मी कोण, हे तिला ठाऊक नव्हतं. कोर्टापर्यंत यायचं बळ कुठलं तिच्यात!

चिठ्ठी जुनीच. मागे आमच्या दुकानाचा शिक्का, धाकटीची सही, तारीख सात जानेवारी. गोळ्या दोनदा चुकीच्या काढल्या मी. म्हातारी म्हणाली, "सावकाश, बाई."

घरी येऊन ही वही काढली. पहिलंच पान. तिथे उभा आहे तो, माझ्याच अक्षरात, भुवईच्या खुणेसकट. आणि एकोणीस तारखेला मीच लिहिलंय – चेहरा नाही.

४ सप्टेंबर

अपिलाची मुदत संपलेली नाही. वकिलाकडे ही वही द्यायला हवी, अख्खी. एकटीने जायचा धीर होत नाही. आधी धाकटीला देते. तिच्याबद्दल काय काय लिहिलंय ते सगळं वाचेल. वाचू दे.