एका माणसाची कयाक

३ फेब्रुवारी, संध्याकाळ
माणसांचा वीट आला आहे. सकाळी लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरचे गृहस्थ माझ्या मानेवर शिंकले आणि वर म्हणाले, "सॉरी हं, सर्दी आहे." सर्दी आहे हे मानेला कळलंच होतं. ऑफिसात साहेब मीटिंगभर पेनच्या टोपणाने कान कोरत होते. मीटिंग संपल्यावर तेच पेन सहीसाठी माझ्यापुढे केलं. केली सही. घरी येईपर्यंत हात अंगापासून लांब धरला होता.
निर्णय पक्का. कयाक घ्यायची. मासे धरायची कयाक, एका माणसाची वल्ह्याची होडी. रविवारी तलावाच्या मधोमध जायचं, गळ टाकायचा आणि गप्प बसायचं. तिथे शिंकायला कोणी येत नाही.
हिला अजून सांगितलेलं नाही. योग्य वेळ बघून सांगेन.

४ फेब्रुवारी
सांगितलं. योग्य वेळ नव्हती.

७ फेब्रुवारी
साडूचा फोटो आला. हातात मासा. दोघांचीही तोंडं उघडी. साडू दर रविवारी तलावाच्या काठावर प्लास्टिकच्या स्टुलावर बसतो आणि काहीतरी धरून आणतो. ह्याला मासेमारी म्हणत नाहीत, ह्याला नुसतं बसणं म्हणतात. कपड्यांना वास येतो तो वेगळाच. तरी हिने फोटोला बदाम पाठवला. मी अंगठा पाठवला, तोही नाइलाजाने.
आठवडाभर व्हिडिओ बघतो आहे. कयाकच्या बाबतीत मी आत्ताच साडूच्या कितीतरी पुढे आहे. प्रत्यक्ष अनुभव तेवढा बाकी.

११ फेब्रुवारी
दुकानात गेलो. ही पण आली, मी नको म्हटलं तरी. दुकानदाराने एवढे प्रश्न विचारले की डॉक्टर परवडला. तलावात चालवणार की समुद्रात? आत पाय घालून बसायची हवी की वर बसायची? वल्ह्याची की पायडलची? मग म्हणाला, "मासे धरायचे असतील तर रुंदच घ्या साहेब. हलत नाही. जमलं तर उभंही राहता येतं."
रुंद कयाक बघितली. बाथटब! त्यात माणूस साबण शोधेल, मासा नाही. मी अरुंद पसंत केली. लांब, काळी, सुरीसारखी. दुकानदार म्हणाला, ही जरा चंचल आहे, नवख्याला झेपत नाही. म्हटलं, नवखा कोण आहे इथे? त्याने माझं वजन विचारलं. लग्नातलं सांगितलं. पोहता येतं का, विचारलं. म्हटलं, पोहायचं असतं तर कयाक कशाला घेतली असती? त्याने पावतीपुस्तक काढलं.
ही सगळा वेळ एका केशरी, दोन सीटच्या कयाकपाशी उभी. मग चक्क तिच्यात जाऊन बसली, मांडीवर पर्स घेऊन. म्हणाली, "अहो, ही दोघांची आहे. पोरगी परगावी गेल्यापासून आपण दोघंच तर आहोत."
मी शांतपणे समजावलं. दोघांचे गळ एकमेकांत गुंततात. दोघं असली की बोलणं होतं, बोलणं झालं की मासे पळतात. तिला पटलं असावं, कारण ती पर्स खांद्याला लावून उतरली.
घरी आल्यावर तिने एकच कप चहा केला. तिच्यापुरता. चहा पावडर संपत आली असणार.

१९ फेब्रुवारी
कयाक आली. लिफ्टमध्ये मावली नाही. जिन्याने आणली. वळणावर भिंतीचा पोपडा निघाला, त्यात माझा दोष नाही, जिनाच चुकीचा बांधला आहे. शिंकणारे गृहस्थ मदतीला आले. वर पोचेपर्यंत ते कयाकवर शिंकत होते. पुसून घेतली.
एकाही खोलीत मावत नाही. सध्या तोंड स्वयंपाकघरात आणि शेपूट मुलीच्या खोलीत अशी ठेवली आहे. बाथरूमला जाताना ओलांडावी लागते. तेवढाच व्यायाम.

२० फेब्रुवारी
हिने कयाकवर ओले टॉवेल वाळत घातले. शिसारी आली. एका देखण्या वस्तूची ही किंमत!

२६ फेब्रुवारी
आजपासून सजावट. म्हणजे खरी कयाक आता बनणार. कोरी कयाक कोणीही वापरेल.
पहिलं काम, गळाच्या काठ्या उभ्या करायला होल्डर बसवणे. व्हिडिओतला माणूस प्रत्येक ठिकाणी टेप लावून मोजत बसतो. मला नजर आहे. ड्रिलने पहिलं भोक पाडलं ते सीटच्या खाली निघालं. दुसरं बरोबर पडलं, पण होल्डर उलटा बसला. बाथरूमच्या फटी भरायचं सिलिकॉन होतं, त्याने भोकं बुजवली. ते बोटांना चिकटलं, मग केसांना. दोन्हीकडचं निघत नाही. घाणेरडा पदार्थ.
खालच्या मजल्यावरून तक्रार आली. लोकांना दुसऱ्याचा छंद बघवत नाही.

५ मार्च
हॉलमध्येच कयाकमध्ये बसून रंगीत तालीम केली. काही बारीकसारीक बाबी लक्षात आल्या. काठ्यांचे होल्डर पाठीमागे असल्याने तिथे हात पोचत नाही. मासा दाखवणाऱ्या यंत्राचा पडदा नेमका वल्हं फिरतं तिथे आला आहे. वल्हं मारलं तर टीव्हीलाही लागतं. ही टीव्ही बघत होती. उठून आत गेली, त्यामुळे जागा मोकळी झाली.
यंत्र हलवलं. आणखी भोकं. मागे सामानाचा क्रेट बांधला, त्यावर छत्री, कॅमेऱ्याची दांडी आणि एक लाल झेंडा. नांगर म्हणून घरातलं जुनं डंबेल वापरतो आहे. त्याची दोरी बाजूच्या कडीला बांधली, हाताशी राहते. व्हिडिओत सांगतात की दोरी पुढे किंवा मागे बांधा, बाजूला कधीही नको. त्या लोकांचे हात लांब असतील.
मुलीचा फोन आला होता. "बाबा, आई कशी आहे?" म्हटलं, मजेत, दिवसभर उड्या मारते.

१२ मार्च
गांडुळं आणली. थंडाव्यात ठेवायची असतात, म्हणून हिच्या डब्यासारखाच एक डबा होता त्यात भरून फ्रिजमध्ये ठेवली. झाकण घट्ट लावलं. व्यवस्था चोख असली की काम चोख होतं.

१३ मार्च, दुपार
डबा ऑफिसात गेला. माझ्या नव्हे, हिच्या. ही डोळ्यांच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनवर असते. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या नर्सबायांमध्ये बसून तिने तो उघडला. म्हणे खोली रिकामी झाली. एक पेशंट तेवढे बसून राहिले, त्यांच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती.
हिचा फोन आला. काय म्हणाली ते इथे लिहीत नाही. मी एवढंच विचारलं की गांडुळं सुखरूप आहेत ना. फोन कट झाला.

१५ मार्च
ही बहिणीकडे गेली. म्हणजे साडूकडेच. काही दिवस राहीन म्हणाली. मला हवी होती ती शांतता आयतीच मिळाली.
रात्रीच्या जेवणाला ब्रेड. ब्रेडच्या कडेला बुरशी होती, अर्धा खाल्ल्यावर दिसली.

१८ मार्च
शांतता.

२० मार्च
शांतता जरा जास्तच होते आहे. नळ टपकतो हे पहिल्यांदाच कळलं. सिंकमध्ये भांड्यांवर तवंग आला आहे, बघवत नाही. टॉवेल कयाकवर कधीचे वाळलेत. घड्या घालणार होतो. राहू देत, ती आल्यावर घालेल.

२२ मार्च
रविवारी कयाक पाण्यात घालायची. गाडीच्या टपावर सामान न्यायची सोय फक्त साडूकडे आहे. नाइलाजाने फोन केला. साडू लगेच हो म्हणाला. एवढा चांगुलपणा अंगावर येतो. "वहिनींनाही घेऊन येतो," म्हणाला. म्हटलं, माझी हरकत नाही. फोन ठेवून दाढी केली.

२४ मार्च, रविवार, संध्याकाळ
अंगाला अजून शेवाळाचा वास आहे. तरी लिहून ठेवतो, कारण लोक वेगळंच सांगतील.
तलावावर पोचलो. काठावर चिखल, चिखलात कुणाच्या तरी चपला, चपलांमध्ये पाणी. साडूने लाइफ जॅकेट पुढे केलं. मी नको म्हटलं. जॅकेटने माझ्या नव्या, मासेमारीच्या व्हेस्टचे सगळे खिसे झाकले जात होते. मग ही म्हणाली, "अहो, जॅकेट घाला." इतक्या दिवसांत माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मला वाटलं, काळजी दाखवण्यापेक्षा आधी माफी मागायला हवी होती. अर्थात कोणी कोणाची, हा प्रश्न होताच. जॅकेट काठावर ठेवलं.
ही आणि मेहुणी भाड्याने मिळते ती बदकाची पायडलबोट घेऊन निघाल्या. पांढरं भलंमोठं बदक, डोळ्यांना रंगवलेल्या पापण्या.
मी सुटलो. कयाक सरळ जात नव्हती, गोल फिरत होती, पण गोल फिरत फिरतही मध्यावर पोचता येतं. बसण्याची जागा ओली लागायला लागली. सिलिकॉनने दगा दिला. तेवढ्यात यंत्राने दाखवलं, खाली मासेच मासे! मी नांगर टाकला.
कयाक नांगराच्या बाजूला कलली. तोल सावरायला मी दुसऱ्या बाजूला झुकलो. जरा जास्त झुकलो असेन. आधी आभाळ दिसलं, मग छत्री, मग सगळं हिरवं.
तलावाचं पाणी नाकातोंडात गेलं. शेवाळ, डिझेल आणि काहीतरी कुजलेलं. वर आलो. खाली गेलो. व्हेस्टच्या खिशांत गळाला लावायची शिशाची वजनं होती. पुन्हा वर आलो तेव्हा काहीच दिसत नव्हतं, फक्त आवाज ऐकू आला.
"अरे, इकडे बघ! माझ्याकडे बघ! हात दे, हात दे!"
ही बदकाच्या शेपटीवर पालथी पडली होती, अर्धी पाण्यात. तिने माझं मनगट धरलं. मेहुणी एकटी पायडल मारत होती. एकटीने मारलं की बदक तिरकं जातं, त्यामुळे काठ यायला फार वेळ लागला. तेवढा सगळा वेळ हिने हात सोडला नाही. "सोडायचं नाही, सोडायचं नाही," असं म्हणत होती. मला म्हणत होती की स्वतःला, कळलं नाही.
काठावर साडूच्या स्टुलावर ओकलो. त्याने लगेच स्टूल धुतलं. ही माझ्या पाठीत गुद्दे मारत होती आणि रडत होती. "मेला असतास ना आत्ता!" लग्नापासून अहो-जाहो करणारी बाई, चारचौघांत अरे-तुरे! मी तिला तसं सांगणार होतो, पण दात वाजत होते.
निष्कर्ष: कयाकच्या बनावटीत मूळ दोष आहे.

२५ मार्च
रजा. मनगटावर हिच्या बोटांचे निळे वळ आहेत. दुखतं. ही घरी आली आहे. चहा दोन कप झाला. मी टॉवेलच्या घड्या घातल्या. तिने सगळ्या मोडून परत घातल्या.

२ एप्रिल
कयाक विकायचं ठरवलं. एक जण बघायला आला. एका भोकाला डोळा लावून म्हणाला, "चाळणी आहे की ही!" दुकानदाराने तर फोनच घेतला नाही. शेवटी साडू घेऊन गेला. मधोमध कापून दोन्ही तुकड्यांत फुलझाडं लावणार म्हणे. पाणी निघून जायला भोकं आहेतच, म्हणाला. टोमणा नव्हता, हेच जास्त संतापजनक.

७ एप्रिल, रविवार
सकाळी ही म्हणाली, "चल, तलावावर जाऊ." अजूनही चल, ये, घे असंच चालू आहे. सुधारायला सांगायचं राहून जातं.
बदक भाड्याने घेतलं. सीटवर मागच्या लोकांचं काहीतरी चिकट सांडलं होतं. जॅकेटचे पट्टे हिनेच आवळले, श्वास कोंडेपर्यंत. एकच गळ बरोबर. मधोमध जाऊन बसलो. ही एक शब्द बोलली नाही. हिला गप्प बसता येतं हे मला ठाऊक नव्हतं. गप्प बसून ती पाण्याकडे बघत होती आणि मी अधूनमधून तिच्याकडे.
मग गळाला ओढ लागली. उभा राहणार होतो, हिने खाली बसवलं. ओढला. मासा! माझ्या आयुष्यातला पहिला. तळहाताएवढा होता, पण चमकत होता.
"धर," ती म्हणाली.
धरला. थंड. बुळबुळीत. मुठीत वळवळला आणि एक गोल डोळा रोखून माझ्याकडे बघायला लागला. मी किंचाळलो. काठावरचा साडूसुद्धा उठून उभा राहिला म्हणतात. मासा खाली पायडलवर उड्या मारत होता आणि मी दोन्ही पाय वर घेऊन सीटवर.
हिने तो उचलला, गळ हलकेच सोडवला आणि मासा पाण्यात सोडून दिला.
मला माशांची किळस येते. हे आधी बघून घ्यायला हवं होतं.
ही एवढी हसली की बदक डुलायला लागलं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मी म्हटलं, निदान साडूला सांगू नकोस. "बघू," म्हणाली. मग आपला तो माशाचा हात माझ्या बाहीला पुसला. चक्क माझ्या बाहीला. आणि म्हणाली, "पायडल मार."
मारलं.