फाट्यावरचे पाच दगड

मीना सलमान, बहारीन
ता. ९ मार्च १९८८

तीर्थस्वरूप अक्का,

गुंडूचा तुझ्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार. मी इथं बरा आहे. तू गुडघ्याला तेल लावतेस की नाही ते कळव. टाळाटाळ करत असशील, मला माहीत आहे.

लक्ष्मीचं लग्न ठरलं हे वाचून आनंद झाला. वैशाखातला मुहूर्त, मुलगा मलकापुरात मास्तर, सगळं दोनदा वाचलं. "मामानं पोरीला बोहल्यावर आणायचं असतं. या वेळी सुट्टी नाही म्हणालास तर तुझ्याशी बोलणार नाही," असं तू लिहिलंस. त्याला महिना झाला. उत्तराला उशीर झाला, कारण गाडी लावायला जागा मिळेना. हसू नकोस, खरंच सांगतो.

इथं आता समुद्रावरून सौदीला जायचा पूल झालाय. बंदरातला माल घेऊन मी पलीकडं जातो. ट्रेलर चाळीस हात लांब. पुलावर कस्टमच्या रांगेत कधी कधी अख्खा दिवस जातो, आणि परत यावं तर कंपनीच्या यार्डात जागा नसते. गोदामांपाशी उभा केला तर पोलीस उठवतो. रिफाला बंगल्यांच्या मागं लावला तर मालक दारात येऊन "यल्ला, यल्ला", म्हणजे चल निघ, करतो. मग हिद्दला समुद्राकडेला मोकळं रान आहे, तिथं जातो. कंपनीची खोली आहे, आठ जणांत एक, पण मी केबिनमध्येच झोपतो. स्टोव्हवर भात टाकतो आणि लोणच्याबरोबर खातो. चार-चार दिवस मराठी कानावर पडत नाही. फार एकटं वाटतं, अक्का.

रत्नागिरीचा उस्मान आमच्याच कंपनीत ड्रायव्हर आहे. तो मला हसतो. गाडी उभी केली की मी चाकांना दगड लावतो आणि निघताना ते मोजून उचलून केबिनमध्ये ठेवतो. मग पुन्हा खाली उतरून रस्ता बघतो. "दगड काय सोन्याचे आहेत रे? टाक की तिथंच," असं तो नेहमी म्हणायचा. गेल्या शुक्रवारी हिद्दला चहा पिताना मी त्याला कारण सांगितलं. त्यानं चहाचा पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "मला सांगून काय उपयोग? जिला सांगायचं तिला सांग, मग जा लग्नाला."

तर सांगतो.

दहा वर्षांपूर्वी आपल्या फाट्यावर माझ्या ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा तुटला, तो दिवस तुला आठवत असेलच. मागून येणाऱ्यांना कळावं म्हणून मी ट्रकच्या मागं रस्त्यात पाच दगड मांडले होते. दुपारी दाजी तू दिलेली भाकरी घेऊन सायकलवर आले. आम्ही ट्रकच्या सावलीत जेवलो. मिरचीचा ठेचा त्यांनीच जास्त खाल्ला. मग ते बाजाराला गेले. संध्याकाळी पाटा बसला. गुळाचा माल रत्नागिरीला पोचायला उशीर झाला होता, मी घाईनं गाडी काढली. अंधार पडता पडता दाजी सायकलवर परत आले, त्या दगडांवर आपटले आणि जागीच गेले.

तिसऱ्या दिवशी तू मला विचारलंस, "गुंडू, तुझे दगड तू काढले होतेस ना?" मी म्हणालो, "हो अक्का, खड्ड्यात टाकले." तू लगेच विश्वास ठेवलास, रस्त्यातले दगड दुसऱ्याच कुणा ड्रायव्हरचे असं धरलंस. सासरची माणसं कुजबुजली तेव्हा तू त्यांच्याशी भांडलीस, माझा भाऊ खोटं बोलायचा नाही म्हणालीस. आणि मग दारात बसून तू त्या दुसऱ्या, कधी नसलेल्या ड्रायव्हरला शाप दिलास, की मेल्याला जन्मात कुठं टेकायला जागा मिळू नये. मी तुझ्या शेजारीच बसलो होतो.

ते दगड माझेच होते. मी काढायला विसरलो.

गाडी घेऊन जागा शोधत फिरतो तेव्हा दर वेळी तुझा तो शब्द आठवतो. इथं येऊन नऊ वर्षं झाली. चार वेळा सुट्टी मिळाली, चारही वेळा मी तुला मिळाली नाही म्हणून कळवलं. तुझ्यासमोर बसून जेवायची हिंमत नव्हती.

आता सुट्टी मंजूर झाली आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं येईन, फाट्यावर उतरेन आणि तिथंच थांबेन. लक्ष्मीला हे पत्र वाचून दाखव, वडील तिचे गेले. मी यावं असं तुम्हा दोघींना वाटलं तर तिला मला न्यायला पाठव. कुणी आलं नाही तर संध्याकाळच्या गाडीनं परत फिरेन. रागावणार नाही.

आणखी एक. मी पाकिटावर नुसतं रखमाबाई लिहितो, पोस्टमन त्यावरून बोलतो, असं तू एकदा कळवलं होतंस. दाजी गेल्यापासून तुझ्या नावाआधी गं. भा. लिहायला माझा हात धजला नाही. आज लिहिलं आहे.

ज्याला तू शाप दिलास तोच,
तुझा गुंडू