एकशे सातवर आजी

सोमवार, ३ तारीख

घातलंच कुलूप मेल्यांनी! सकाळी दहाला आमच्या केबलवर १०७ नंबर बंद. नुसता निळा पडदा. चॅनल कंपनीचं म्हणणं — ते एक हवं असेल तर आमची एकोणीसच्या एकोणीस घ्या. बाकीची अठरा आमच्या गल्ल्यांत कुणी ढुंकूनही बघत नाही! मी सही केली नाही. हे शिडीवरूनच म्हणाले, "कर ना सही, कशाला अंगावर ओढून घेतेस?" नाही करणार! केबल आमची, काय दाखवायचं ते आम्ही ठरवणार.

संध्याकाळी आठची मालिका बुडाली. फोनवर फोन. सासूबाईंनी टीव्हीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि रिमोट माझ्या हातात ठेवला. दोन शिव्या दिल्या असत्या तरी बरं वाटलं असतं.

मंगळवार, ४

आता इंटरनेटवरही कडी! केबलबरोबर आम्ही देतो त्या इंटरनेटवरून त्यांची वेबसाइट उघडली की 'आपल्या सेवेवर हा कार्यक्रम उपलब्ध नाही'. चारशे बारा घरांपैकी अकरा आजच दुसऱ्या केबलवाल्याकडे गेली. असंच चाललं तर दोन महिन्यांत ऑफिसला टाळं. बारा वर्षांचं काम!

बुधवार, ५

निळा पडदा बघवेना. घराच्या पुढच्या खोलीतल्या ऑफिसातला कॅमेरा १०७ला जोडला, समोर पाटी ठेवली — 'क्षमस्व. भांडण चालू आहे.'

आणि माइक बंद करायला विसरले!! सासूबाई पाटीमागे बसून शेजारच्या शिंपीणबाईंना कालचा भाग सांगत होत्या. त्यांची बहीण परगावी असते, तिच्याकडे मालिका दिसते, ती फोनवर कळवते म्हणे. तासभर त्यांचा आवाज घरोघरी! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फोन उचलला. पलीकडून — "ताई, ती पाटी जरा सरकवा, आजी दिसत नाहीयेत."

गुरुवार, ६

पाटी काढली. आठच्या ठोक्याला आजी हजर.

शनिवार, ८

काय सांगतात बाई! मालिकेतल्या नणंदेचा आवाज वेगळा, वकिलाचा वेगळा. आज थोरली सून एकटी कारखान्याच्या दारात उभी राहिली. घरचे सगळे 'सही कर' म्हणतायत — आणि ही कागद फाडते! शिंपीणबाईंनी शिट्टी वाजवली, तीही सगळीकडे ऐकू गेली. माझ्या अंगावर काटा. गेलेल्या अकरांपैकी नऊ घरं परत!

सोमवार, १०

पलीकडच्या भागातला केबलवाला आला. त्याचंही १०७ बंद. चेहरा उतरलेला. "ताई, आजी मला पण द्या की."

दिल्या!

मंगळवार, ११

आता आमच्याशिवाय पाच केबलवाल्यांकडे आजी. आज नणंद तुरुंगात गेली. आमच्या गल्लीत टाळ्या!

गुरुवार, १३

आले! चॅनलवाले साहेब स्वतः आले, घाम पुसत. आधी आवाज चढवून — "हे बंद करा, मालिका आमची आहे." सासूबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "मी घरात बसून काय बोलायचं, तेही आता तुम्हाला विचारायचं का?" साहेबांनी पुन्हा घाम पुसला. मग माझ्याशी हळूच — आठ वाजता या भागात त्यांच्या चॅनलची आठवणसुद्धा कुणी काढत नाही, वरून रोज विचारणा होतेय, काहीतरी मिटवू या.

मिटवलं! एकच चॅनल. अठरांचं ओझं नाही. इंटरनेटवरची कडीही काढायची. आणि हेच बाकीच्या पाच जणांनाही. मी एकेक ओळ दोनदा वाचली आणि मगच सही केली. जिंकलो! ह्यांनी शिडीवरून उतरून चक्क हात जोडले मला.

शुक्रवार, १४

आठला १०७वर मालिका लागली. तुरुंगातली नणंद टेबलाशी बसून जेवतेय! थोरली सून स्वयंपाकघरात मुसमुसतेय. कारखाना नाहीच कुठे. फोन सुरू — "चुकीची लावलीत, आमची आजींची लावा!" गोंधळून सासूबाईंच्या परगावच्या बहिणीला, मावशींना फोन केला. "अगं, आमच्याकडे तर तीन तारखेपासून निळा पडदा आहे."

सासूबाईंना विचारलं, मग ती थोरली सून कुठून आणलीत?

"घरातलीच उचलली. त्यात तुला रडायला काय झालं?"