भैरवीनंतर

२ डिसेंबर
दादरच्या हॉलची तारीख मिळाली. २१ ला, संध्याकाळी. एकटी मी, एक पियानो. जवळजवळ सगळं फ्रेंच, मध्ये एकच जर्मन. लालबागच्या चाळीतल्या पोरीने हे दादरला वाजवायचंच, असं शाळेत असताना ठरवलं होतं. बाबांना सांगितलं. पेपर वाचत होते. "बरां," म्हणाले आणि पान उलटलं.

५ डिसें.
हॉलचे सेक्रेटरी पाटणकर यांचा फोन. गोड बोलतात, म्हणजे काहीतरी हवंय. "ताई, सगळं फ्रेंच कसं चालेल? आपले लोक आहेत. शेवटी भैरवीतलं एखादं नाट्यगीत घ्या, पाच मिनिटांचं."
नाही म्हटलं. तबल्याच्या कार्यक्रमात सांगतात का कुणाला, शेवटी जरा व्हायोलिन घ्या म्हणून?
जेवताना बाबांना सांगितलं. बाबा भजनी मंडळाचे बुवा, जन्म पेटीवर गेलेला. वाटलं माझी बाजू घेतील. "तेचा बरोबर आसा. भैरवीशिवाय मैफल उठता काय?" झालं. कुंपणच शेत खातंय.

९ डिसें.
गिरगावात मिसकडे. मिस फिलोमिनाने मला लहानपणापासून शिकवलं, रियाजही अजून तिच्याच पियानोवर. आमच्या खोलीत पियानो आणला तर आम्ही गॅलरीत झोपू.
भैरवीचं सांगितलं. "तुला वाजवायची हाय?" नाही. "मग मला कशाला इचारते गो?"
मग शेवटून दुसऱ्या तुकड्यावर बोट ठेवलं. संथ आहे, उदास. मी तो घाईत उरकते, लोक खोकतील या भीतीने. खरंय. खोकू देत.

१४ डिसें.
पाटणकरांनी पत्रिका छापली. तळाशी ठळक अक्षरांत: समारोप, भैरवी. मला न विचारता. फोन केला तर म्हणे, "छापलं ते छापलं आता." म्हटलं, छापलंत तुम्ही, वाजवणार मी. इतक्या रागात काय कपाळ रियाज करणार.
बाबांनी पत्रिका देवापुढे ठेवली. वर माझं नाव आहे म्हणून की खाली ती ओळ आहे म्हणून, विचारलं नाही.

२० डिसें.
बाबा येतो म्हणाले. आजवर एकदाही आले नाहीत, पियानोबद्दल "ता टेबल कोण ऐकता" म्हणतात. उद्या यावेत असं मला फार वाटतंय. त्यांना तसं सांगणार मात्र नाही.
"भैरवी झाली काय मी उठतलंय. तेच्यानंतर ऐकाचा नसता."
बाबा, भैरवी नाहीच आहे.
"पत्रिकेत आसा."

२२ डिसें., सकाळ
काल.
हॉल अर्ध्याहून जास्त भरलेला. दिवा, नारळ, शाल, सगळं झालं. टाळी कुठे द्यायची कळेना म्हणून लोक प्रत्येक थांब्यावर देत होते. बाबा तिसऱ्या रांगेत, कडेला, इस्त्रीचा सदरा.
मग तो संथ तुकडा. घाई केली नाही. कुणी खोकलं नाही. मध्येच पुढून "वा, वा" आलं, तेव्हाच कळायला हवं होतं. कोमल रिषभ. ग, ध, नी, सगळे कोमल, म्हणजे भैरवीचेच सूर. भैरवीच्या घरात वाढले मी, आणि इतकी वर्षं वाजवून लक्षात आलं नाही.
संपला आणि अख्खा हॉल उभा. मला वाटलं, दाद. दाद कसली. पिशव्या उचलत होते. सुना सासूबाईंना हात देत होत्या. पाटणकर गुच्छ घेऊन स्टेजवर, "ताई, काय भैरवी." बाबाही उभे.
शेवटचा तुकडा अजून बाकी. सगळ्यात मोठा, सगळ्यात अवघड, ज्याच्यासाठी वर्ष घातलं तो.
गुच्छ घेतला, खाली ठेवला. "पाटणकर, बाजूला व्हा." माइक चालू होता. असू दे.
वाजवला. पुरा. निम्मे निघून गेले, काही दारात अडकले. बाबा बसले नाहीत, गेलेही नाहीत. पिशवी छातीशी धरून शेवटपर्यंत उभे.
टॅक्सी केली. लालबाग आलं, उतरलो.

२३ डिसें.
पाटणकरांचा मेसेज. भैरवीनंतर वाजवणं अशुभ, कमिटी नाराज, पुढे हॉल देता येणार नाही. नका देऊ. मुंबईत तुमचा एकच हॉल आहे होय? पुढच्या वेळीही हेच वाजवीन, याच क्रमाने.
मिसला फोनवर सांगितलं. हसून हसून तिला ठसका लागला.
बाबा सकाळपासून पेटी काढून बसलेत. तो संथ तुकडा आठवून आठवून चाचपडतायत. चहा ठेवला तर भाता न थांबवता म्हणाले, "ती भैरवी नाय. शेवटाक 'सा'वर येवकच नाय."
म्हणजे?
"म्हणजे मैफल उठूक नाय."
मग उभे का राहिलात, विचारलं. त्यांचं परत पहिल्यापासून सुरू.
एक सूर चुकतोय त्यांचा. विचारेपर्यंत सांगणार नाही.