उस्ताझ वगदींच्या वतीने हजर

१ ऑक्टोबर, मंगळवार

मिळाली! चक्क मिळाली! एकोणीस वकिलांकडे अर्ज केले. अठरा जणांनी साधं 'नाही' कळवायचीही तसदी घेतली नाही. एकोणिसाव्यांचं उत्तर आलं, तेही हातानं, हिरव्या शाईत: 'या. उमेदवारी सुरू करा.' अलेक्झांड्रियाचे वकीलसाहेब, उस्ताझ वगदी नखला. मुलाखत नाही, वशिला नाही, काही नाही!

आता दोन वर्षं उमेदवारी, मग उस्ताझांचा दाखला, मग वकील संघाच्या यादीत माझं नाव: उस्ताझा रबाब अल-मन्सी. आईनं दमन्हूरला शिलाई मशीन चालवून मला शिकवलं. वकिलीच्या कार्डावरचं ते नाव वाचायला नवा चष्मा करून घेणार आहे म्हणे.

कचेरी मन्शिय्यात, कोर्टापासून दोन मिनिटांवर. दारात बस्यूनीकाका भेटले, सगळे त्यांना अम्म बस्यूनी म्हणतात. उस्ताझांचे जुने कारकून, पंचाहत्तरीचे तरी असतील. चहा दिला, नुसता साखरेचा पाक. म्हणाले, उस्ताझांना बरं नसतं, ते आतल्या खोलीतून बाहेर येत नाहीत. दार वाजवायचं नाही, काम दाराखालून चिठ्ठीनं येईल. म्हटलं, मला काय, दाखल्यावर सही झाली म्हणजे झालं.

३ ऑक्टोबर, गुरुवार

पहिलं कोर्ट. काम अगदी सोपं. साहेबांचं नाव पुकारलं की उभं राहायचं, 'उस्ताझ वगदी नखला यांच्या वतीने हजर' म्हणायचं आणि पुढची तारीख मागायची. सगळे उमेदवार हेच करतात. अम्म बस्यूनी मात्र जिन्यापर्यंत मागे आले. 'वतीने' म्हणायला विसरायचं नाही हं, पोरी. एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा मी वैतागले. पदवी काय मला ताअमियाच्या भज्यांच्या पुडीत बांधून मिळाली?

न्यायाधीश माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होते. तब्येत कशी आहे, म्हणून विचारलं, तेही तिकडेच बघून. मी वळून पाहिलं. मागे भिंत होती.

९ ऑक्टोबर, बुधवार

आतल्या खोलीतून दिवसभर पुटपुटणं येतं. आज दाराला कान लावला. 'हानी, रशीदचा. हानी, रशीदचा.' शाळेतली मुलं पाढे म्हणतात तसं. उस्ताझांचं नाव तर वगदी. मग हा रशीद गावचा हानी कोण? अम्म बस्यूनींना विचारलं, तर त्यांना एकदम ऐकू येईनासं झालं.

कोर्टाच्या ओसरीवर एका म्हाताऱ्या वकिलानं विचारलं, कुणाकडे आहेस. सांगितलं. तो म्हणाला, वगदी? अगं, त्याच्या मयताला मी स्वतः गेलो होतो, अकरा वर्षं झाली.

परत येऊन अम्म बस्यूनींना धारेवर धरलं. ते शांतपणे म्हणाले, ज्याच्या वतीने रोज कोणीतरी हजर होतं, तो मेला असं कोर्ट कसं म्हणेल? आणि दाखल्यावरची सही? ती होते, म्हणाले.

सोडून जावं का? पण जाऊ कुठे? अठरा दारं आधीच बंद आहेत. आईला काय तोंड दाखवू? मला भीती वाटते आहे. पण कार्ड हवं आहे.

२१ ऑक्टोबर, सोमवार

एका सकाळी सात खटले, तीन दालनांत. अम्म बस्यूनी तापानं घरी. दाराखालून चिठ्ठी आली, हिरवी शाई: 'आज घाई आहे. नुसतं हजर म्हण.'

साहेबांचाच हुकूम. मला बरंच वाटलं. पुकारा झाला, मी उभी राहिले आणि म्हटलं, 'हजर.'

न्यायाधीशांनी पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे पाहिलं. म्हणाले, फार दिवसांनी दर्शन दिलंत, उस्ताझ वगदी. शिरस्तेदार उठून उभा राहिला. मी म्हटलं, अहो, मी रबाब. कोणी ऐकलंच नाही.

कचेरीत आले तर आतलं दार सताड उघडं. दारात एक माणूस. तिशीचा असेल, केस पांढरेफटक, अंगात माझ्यासारखाच उमेदवाराचा काळा झगा. स्वतःचा चेहरा चाचपत होता. 'मी हानी,' म्हणाला, 'रशीदचा.' ढसाढसा रडला आणि जिना उतरून पळत सुटला. मला माफ कर, एवढं खालून ओरडला.

संध्याकाळी अम्म बस्यूनी आले. मला पाहून भिंतीला टेकले. बजावलं होतं ना, पोरी. मग डोळे पुसले आणि आतली खुर्ची पुढे ओढून म्हणाले, बसा, उस्ताझ.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

वकील संघात गेले. रबाब नावाचा अर्जच नाही त्यांच्याकडे.

आईला फोन केला. आई म्हणाली, उस्ताझ, माझी रबाब नीट काम करते ना? जेवते ना वेळेवर? जीभ तिखट आहे तिची, सांभाळून घ्या.

आई, मीच! मीच बोलते आहे! मी ओरडत होते.

देव तुमचं भलं करो उस्ताझ, म्हणाली. चष्मा आला म्हणाली.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

जिना उतरते. शेवटची पायरी, आणि पुन्हा ही खोली. सहा वेळा उतरले.

काळं पेन घेतलं. शाई हिरवीच.

रबाब, दमन्हूरची. रबाब, दमन्हूरची. म्हणत राहायचं. सोमवारी कोर्टात मी उभा — उभी राहिले तेव्हा —

तारीख माहीत नाही

टेबलावर अर्ज. कुणा मुलीचा, कफ्र अद-दव्वार गावच्या. उत्तर गेलेलं दिसतं. मी नाही लिहिलं. हात —

आज

ती आली आहे. दारापलीकडे चहा पिते आहे. हसते आहे. तेवीस अर्ज केले म्हणे. अम्म बस्यूनी तिला बजावतायत, एकदा, दोनदा —

हाका मारल्या. तिला फक्त पुटपुटणं ऐकू आलं असणार.

चिठ्ठी. चिठ्ठी जाते बाहेर. 'पळ' लिहायचं. दोन अक्षरं. पोरीचा काय दोष. तिलाही आई असेल. माझी आई तिकडे चष्मा लावून —

नाही. पळ. पळच लिहिणार. रबाब, दमन्हूरची. लिहिते —

आज घाई आहे. नुसतं